शर्यतीतून निवृत्त घोडा आखडतोय? पायांआधी गव्हाण तपासा

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझ्या उत्तराचा रोख कळेल. घोडा ८ वर्षांचा, खच्ची केलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा. पुण्याच्या रेसकोर्सवरून सव्वा वर्षापूर्वी तुमच्या शेतावर आला. गेले ५ महिने सकाळी तबेल्यातून निघताना लाकडासारखा ताठ असतो आणि १०-१५ मिनिटं चालल्यावर मोकळा होतो. कधी मागचा डावा पाय धरतो, तर कधी पुढचा उजवा. वजन उतरलंय, कातडीची चकाकी गेली आहे, पावसाळ्यानंतर दोनदा ताप येऊन गेला. दोन्ही हॉकचे, म्हणजे मागच्या पायांच्या मधल्या मोठ्या सांध्यांचे, एक्स-रे स्वच्छ आले. फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकावर १० दिवस बरा होता, औषध थांबलं तसा पुन्हा पहिल्यासारखा. रोजची चंदी म्हणजे ३ किलो गव्हाचा कोंडा, दीड किलो ओट, १ किलो चणे. वैरण म्हणून बांधावरची हायब्रीड नेपियर साधारण २० किलो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत वाढं. तुमचा प्रश्न असा की शर्यतीतली कुठली जुनी दुखापत आता डोकं वर काढते आहे, आणि एक्स-रे आणखी कुठले काढायचे.

घोडा न बघता निदान करत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांना डावलून तर नाहीच. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ चंदीची आहे. ती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे.

त्याआधी तातडीच्या तीन गोष्टी सांगतो. घोडा चारी पाय फाकून लाकडी घोडीसारखा उभा असेल, शेपूट थोडी उचललेली असेल आणि टाळी वाजवल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरा पडदा झर्रकन पुढे येत असेल, तर तो धनुर्वात समजा. व्यायामानंतर पुठ्ठे दगडासारखे घट्ट होऊन लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याला एक पाऊलही चालवू नका, आहे तिथेच उभा ठेवा. आणि पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून वजन मागे घेत असेल, खूर गरम लागत असतील आणि फेटलॉकमागची, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यामागची, नाडी ठोके देत असेल, तर खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, सुरू झालेला असू शकतो. यांपैकी काही दिसलं तर हे पत्र बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, म्हणून पुढे जातो.

आता चंदी. ४५० किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला साधारण १८ ते २० ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि फॉस्फरस त्याहून कमी. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. तुमच्या ३ किलो कोंड्यातून ३३ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस जातो आणि कॅल्शियम जेमतेम ४ ग्रॅम. ओट आणि चणे धरले तर फॉस्फरस चाळिशीपार आणि कॅल्शियम ७ ग्रॅमवर. हे गणित घोड्याच्या शरीराला उलटं पडतं. त्याला कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवं असतं.

तुम्ही म्हणाल, नेपियरमध्ये कॅल्शियम आहे की. आहे, पण ते अडकलेलं आहे. हायब्रीड नेपियरमध्ये सुक्या वजनाच्या दोन-तीन टक्के ऑक्झॅलेट सहज निघतं, आणि कोवळ्या, युरिया मारलेल्या गवतात त्याहून जास्त. एक ग्रॅम ऑक्झॅलेट जवळजवळ अर्धा ग्रॅम कॅल्शियम जखडून ठेवतं आणि ते लिदीवाटे निघून जातं. २० किलो हिरव्या नेपियरमधलं पाणी वजा केलं तर ४ किलो सुकं गवत उरतं. त्यातलं ऑक्झॅलेट गवताचं स्वतःचं कॅल्शियम तर खातंच, शिवाय चंदीतल्या कॅल्शियमवरही हात मारतं.

उसाच्या वाढ्याचंही तेच. वाढं खाणाऱ्या जनावरांना चुन्याची निवळी द्या, हा सल्ला आपल्याकडच्या दूध उत्पादकांना तोंडपाठ आहे. त्यामागचं कारण हेच ऑक्झॅलेट. पण गाईला जे बाधतं ते घोड्याला जास्त बाधतं. गाईच्या पोटातले जंतू वैरण लहान आतड्यात पोचण्याआधीच बरंचसं ऑक्झॅलेट फोडतात. घोड्याच्या पोटातली आंबवण्याची टाकी लहान आतड्याच्या पुढे, शेवटाकडे आहे. कॅल्शियम शोषलं जातं लहान आतड्यात, म्हणजे जंतूंची मदत मिळेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. त्यामुळे शेजारच्या गोठ्यातली म्हैस त्याच नेपियरवर ठणठणीत आहे, हा पुरावा घोड्याच्या बाबतीत धरू नका.

कॅल्शियम कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात ओततात. म्हणून रक्ततपासणीत कॅल्शियम बहुतेक वेळा नॉर्मल येतं आणि सगळे निर्धास्त होतात. सोनं मोडून घरखर्च चालवणाऱ्या कुटुंबाचं रोजचं पाकीट भरलेलंच दिसतं, तसं हे. इकडे हाडं पोकळ होत जातात, स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागा दुखऱ्या होतात, सांध्यांची गादी झिजते. दुखणं एका ठिकाणी नसतं, म्हणून लंगडणं आज या पायात, उद्या त्या पायात फिरतं. तुमच्या पत्रातलं ‘कधी मागचा डावा, कधी पुढचा उजवा’ वाचल्यावर मी थांबलो तो यासाठी. पुढच्या टप्प्यात जबड्याची आणि गालफडावरची हाडं फुगतात. तिथे हाडाची जागा तंतुमय ऊतीने घेतलेली असते. इंग्रजीत या आजाराला ‘बिग हेड’ म्हणतात. गिरणीवाल्यांची घोडी कोंड्यावर पोसली जायची, म्हणून जुन्या काळी याला गिरणीवाल्यांचा रोगही म्हणत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उष्ण भागात सेटारिया, बफेल यांसारख्या गवतांवर चरणाऱ्या घोड्यांत हा प्रकार चांगला माहीत आहे.

माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक निवृत्त घोडा माझ्याकडे होता, एका रायडिंग स्कूलचा. शर्यतीचा घोडा म्हटल्यावर दोष ट्रॅकचाच, असं मी धरून चाललो. हॉकचे एक्स-रे झाले, फेटलॉकचे झाले, मी एका हॉकमध्ये इंजेक्शनही दिलं. पंधरवडा बरा वाटला, पुन्हा तेच. शेवटी तिथला मोतद्दार सहज म्हणाला, “साहेब, हा हल्ली चणे तोंडात धरून ठेवतो, चावत नाही. ओले केले तर खातो.” मी दात बघितले, दातांत काही नव्हतं. मग गालफडावर बोटांनी टिचक्या मारल्या, तर एरवी पोकळ येणारा आवाज बद्द आला. त्याच्या चंदीत निम्म्याहून जास्त कोंडा होता. चंदी बदलल्यावर दोन महिन्यांत चालीत फरक पडला. तेव्हापासून घोडा बाहेर काढायला सांगण्याआधी मी गव्हाणीत हात घालतो.

पण तुमचा घोडाही तसाच असेल असं धरून मी तुम्हाला दुसऱ्या चुकीत ढकलणार नाही. ताप आणि वजन उतरणं यांचा हिशोब एकट्या चंदीने लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर घोड्याला ताप आला, वजन उतरलं आणि मागचा भाग कमकुवत झाला, तर पहिलं नाव सर्राचं. मोठ्या चावऱ्या माश्या, ज्यांना गावोगावी वेगवेगळी नावं आहेत, त्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा रक्तातला परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ताप येतो-जातो, पोटाखाली किंवा पायांवर सूज येते, हिरड्या फिकट पडतात, आणि घोडा मागून झुलतो. तो झुलणारा घोडा आखडलेला वाटू शकतो. दुसरा परजीवी गोचिडांमार्फत येणारा, पायरोप्लाझ्मोसिसचा. कानांच्या आत, शेपटीच्या बुडाशी, आयाळीत बोटं फिरवून गोचीड शोधा. लघवी गडद होती का आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर आहे का, तेही बघा.

दोन्हीसाठी रक्त तापाच्या दिवशी काढलेलं बरं. ताप नसताना स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, परजीवी सापडला नाही, म्हणजे तो नाही असं होत नाही. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासण्या करतं. मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचं महाविद्यालय यांच्यामार्फत नमुने पाठवण्याची वाट तुमच्या डॉक्टरांना माहीत असेल. निकाल वाचताना एक सावधानता ठेवा. पायरोप्लाझ्मोसिस करणारा थायलेरिया इक्वाय हा परजीवी एकदा शिरला की बऱ्याच घोड्यांत आयुष्यभर तळ ठोकून राहतो. आपल्या भागात त्याची चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे आजचं दुखणं त्याचंच, असं नाही. ॲनिमिया, ताप, कावीळ यांची साथ असेल तरच त्याच्या मागे लागा. सर्राचं तसं नाही, तो सापडला की उपचार करायचाच. औषध क्विनापायरामीन, डोस आणि इंजेक्शनची जागा डॉक्टरांनी ठरवायची.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराबद्दलही एक शब्द, कारण नुसत्या नावाने लोक घाबरतात आणि मग बोलतच नाहीत. नाकातून चिकट स्राव आणि पायांवर फुटणाऱ्या गाठी असतील, तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय घोड्याला हात लावू नका आणि सरकारी पशुवैद्यकांना कळवा. हा आजार माणसालाही होतो आणि तो कळवणं २००९ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. तुमच्या घोड्यात तशी लक्षणं नाहीत.

स्नायूंचं दुखणं हा थरोब्रेडमधला तिसरा संशयित. शर्यतीच्या घोड्यांत व्यायामानंतर स्नायू जखडण्याचा त्रास वारंवार होतो, पण तो जास्त करून तरुण, बिथरट घोड्यांत, त्यातही माद्यांत आणि भरपूर दाणा चालू असताना. तुमचा घोडा विश्रांतीनंतर आखडतो आणि चालल्यावर सुटतो. स्नायू जखडण्यात बहुधा उलट घडतं, चालवाल तसं वाढत जातं. तरी तपासणी सोपी आहे. घोड्याला लांब दोरावर १५ मिनिटं दुडक्या चालीने फिरवा आणि ४ ते ६ तासांनी रक्त काढून सीके आणि एएसटी, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स, बघा. सीके लवकर चढतं आणि लवकर उतरतं, एएसटी आठवडे रेंगाळतं. सीके नॉर्मल आणि एएसटी चढलेलं दिसलं, तर दुखणं मागच्या काही आठवड्यांत होऊन गेलेलं असू शकतं. सोबत व्हिटॅमिन ई बघायला सांगा. हिरव्या गवताशिवाय वर्ष-दीड वर्ष काढलेल्या घोड्यांत ते खाली जातं. तुमचा घोडा हिरवं खातो, त्यामुळे मला त्याची फारशी शंका नाही.

शर्यतीतली जुनी दुखापत मी यादीतून काढलेली नाही, फक्त खाली सरकवली आहे. ती शोधायची तर एक्स-रेआधी कागद बघा. घोड्याचा पासपोर्ट तुमच्याकडे असेल. त्यावरच्या नावाने त्याची शर्यतीतली सगळी धाव शोधून काढा आणि तारखांमधली खिंडारं बघा. दर तीन-चार आठवड्यांनी धावणारा घोडा एकदम ७-८ महिने गायब असेल, तर त्या काळात काहीतरी घडलं होतं. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावला असेल, सांध्यात हाडाची चिप (बारीक तुकडा) सुटली असेल किंवा ओटीपोटाच्या हाडाला बारीक तडा गेला असेल. त्या ट्रेनरच्या जुन्या सईसला गाठून चहा पाजलात तर एक्स-रे मशीनपेक्षा जास्त कळेल.

खूर तर बघाच, त्याला खर्चही नाही. थरोब्रेडचे तळवे पातळ आणि सपाट असतात, आणि शर्यतीच्या काळात टाच खाली व पुढचा भाग लांब राहण्याकडे कल असतो. ॲल्युमिनिअमच्या हलक्या नालांवर वाळूत पळणारा पाय आता मुरमाड जमिनीवर आला आहे. नालबंदाला पुढचा भाग मागे घ्यायला आणि टाचेला आधार द्यायला सांगा. खुराच्या चिमट्याने तळवा दाबून दुखरी जागा शोधा. मागच्या पायांची टाच फार खाली असेल तर त्यानेही पाठ आणि पुठ्ठे आखडतात.

मग पाठ. खोगीर चढवताना कान मागे टाकतो का, पोट आवळताना चावायला येतो का, उतारावरून उतरताना मागचे पाय आखडून टाकतो का? थरोब्रेडमध्ये खोगिराखालचे मणक्यांचे काटे एकमेकांना टेकलेले असणं इतकं सर्रास आहे की नुसत्या एक्स-रेवर मी निदान करत नाही. तिथे भूल देऊन चाल सुधारली, तरच त्या एक्स-रेला अर्थ. पायांचंही तसंच. भुलीचे ब्लॉक, म्हणजे पायाचा एकेक भाग बधिर करणारी इंजेक्शनं, खालून वर देत गेलं आणि एखाद्या ब्लॉकनंतर लंगडणं थांबलं, की त्या जागेचा एक्स-रे काढायचा. आधी एक्स-रे आणि मग दुखरी जागा, हा उलटा प्रवास तुमच्या हॉकच्या बाबतीत झाला. शिवाय हाडातलं खनिज जवळजवळ तीस टक्के कमी झाल्याशिवाय साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. स्वच्छ एक्स-रेने कॅल्शियमची शंका फिटत नाही, ती त्यामुळेच.

हाडांतलं कॅल्शियम निघतंय का हे बघायला रक्त आणि लघवी एकाच वेळी घ्यायची आणि मूत्रपिंडातून किती टक्के फॉस्फरस बाहेर पडतोय ते काढायचं. निरोगी घोड्यात तो आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खालीच असतो. ४ टक्क्यांच्या वर गेला, तर आहारात फॉस्फरस जास्त किंवा कॅल्शियम कमी आहे असा अर्थ होतो. मूत्रपिंड ठीक आहे हे त्याआधी क्रिएटिनिनवरून पाहून घ्यायचं. ही तपासणी एका एक्स-रेहून स्वस्त आहे.

फिनाइलब्युटाझोनबद्दल. १० दिवस बरं वाटलं, यातून दुखणं आहे एवढं कळलं, दुखणं कुठलं ते नाही. जास्त दिवस दिलं की ते जठराचं अस्तर, मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि मूत्रपिंड यांना इजा करतं. शर्यतीच्या प्रशिक्षणातल्या बहुसंख्य थरोब्रेडना जठरात अल्सर असतात. त्यात तुमच्या घोड्याला वैरण कमी, म्हणजे कित्येक तास रिकामं पोट. वजन उतरण्याचं कारण इथेही असू शकतं. तपासणीच्या आठवडाभर आधी वेदनाशामक बंद ठेवा, नाहीतर डॉक्टरांना दुखरी जागा दिसायचीच नाही. आणि मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफेनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली. मेलेल्या जनावरातून हे औषध गिधाडांच्या पोटात जातं आणि गिधाडं मरतात. तुमच्या शेतावर गिधाडं येत नाहीत म्हणाल, पण ती येत नाहीत याचं एक कारण हेच आहे.

निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. आहार आजपासून बदलायला लागा, पण हळू, १०-१४ दिवसांत. नेपियर आणि वाढं बंद. त्याऐवजी वाळलेली हरळी किंवा ओटचं वाळलेलं गवत, सोबत लसूणघास. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे तो कॅल्शियमचा आधारही होतो. एकदम ढीग टाकला तर पोटात वायू धरून कॉलिक, म्हणजे तीव्र पोटदुखी, होईल, तेव्हा मूठ-मूठ वाढवा. हिरवी कोवळी ज्वारी नको. तिने घोड्यात मूत्राशय आणि पाठीच्या कण्याला वेगळाच त्रास होतो आणि मागचे पाय झुलतात, मग सगळं निदानच गढूळ होतं. कोंडा बंद करा. फार तर औषध कालवायला मूठभर. एकूण वैरण सुक्या वजनात दिवसाला ७ किलोच्या आसपास हवी, ती दोन-तीन वेळा नाही तर दिवस-रात्र थोडी थोडी खायला मिळेल अशी. कॅल्शियम कार्बोनेट आणि डायकॅल्शियम फॉस्फेट पशुखाद्याच्या प्रतीचं आणून, किती घालायचं ते डॉक्टरांकडून चंदीच्या हिशोबाने ठरवून घ्या. गाईंची चुन्याची निवळी घोड्याला देऊ नका.

वजनकाटा नसेल तर टेप चालेल. कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोमध्ये येतं. १८० घेर आणि १६५ लांबी म्हणजे ४५० किलो. दर रविवारी त्याच वेळी, त्याच माणसाने मोजायचं. सकाळी-संध्याकाळी ताप घेऊन वहीत लिहा. ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्याच दिवशी रक्त काढा.

कारण चंदीचं निघालं, तर चालीत फरक दीड-दोन महिन्यांत दिसायला लागेल. हाडं भरायला मात्र ९ ते १२ महिने लागतात. तोपर्यंत रपेट नको, उड्या तर नाहीच. ठिसूळ हाडावर स्नायुबंध उपटून येऊ शकतो. मोकळ्या कुरणात फिरू द्या, रोज हाताने धरून चालवा. गालफडं फुगलेली असली तर ती पूर्ण खाली बसत नाहीत. त्याने घोड्याला त्रास नसतो, पण विकत घेणाऱ्याला दिसतं.

आणि आज संध्याकाळी मोतद्दाराला विचारा, चणे हा चावतो की तोंडात धरून ठेवतो?